थांबविणारी नळी

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला हमरस्ता सावनेर मागे टाकून आमच्या पांढुर्ण्यास येतो आणि तेथून पुढे सातपुड्याची चढण चढू लागतो. वर मुलताई, तापीचे उगमस्थान. खाली जाम नदीच्या काठी आमचे गाव. दोन्ही गावांच्या उंचीत अडीचशे मीटरांहून अधिक अंतर आहे. तिकडे सौसरहून छिंदवाड्यास जाणाऱ्यालाही घाट चुकत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु आमची संत्री, आमच्या लग्नांचे बस्ते आणि गाडीचा मोडलेला भाग ही सारी आजही नागपूरचाच रस्ता धरतात. चढउतारांच्या या मुलखात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणीच कळते. चढणीवर बैलांची परीक्षा होते आणि उतारावर गाडीवानाची.

आज मी आपल्याशी एका जुन्या लष्करी जीपविषयी बोलणार आहे. त्यातही तिच्या ब्रेकच्या नळीविषयी. विषय कारखान्यातला आहे असे वाटून कोणी रेडिओची खुंटी फिरविण्याच्या बेतात असेल, तर त्याने क्षणभर थांबावे. ज्याच्या दारी गाडी नाही, तोही कोणाच्या तरी गाडीत बसून घाट उतरतच असतो.

प्रथम या जीपचे कुळ सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर पोचविणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने १९४० च्या सप्टेंबरात तिचा पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. वजन अकराशे किलोंच्या आसपास, इंजिन साठ अश्वशक्तीचे, चालकाची जागा डाव्या हाताला. ब्रह्मदेश आणि चीन यांच्या आघाडीसाठी यांतल्या पुष्कळ गाड्या हिंदुस्थानात उतरल्या. १९४५ साली तोफा थंडावल्या आणि सैन्याचा उरलेला माल विक्रीस निघाला. तेव्हापासून 'डिस्पोजल' हा शब्द आपल्या घराघरांत रुळला. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची पाण्याची बाटली आणि डिस्पोजलची जीप! त्याच १९४५ साली महिंद्र अँड महंमद या नावाने निघालेल्या कंपनीने १९४७ पासून विलीजची जीप आपल्या देशात जोडण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. मिळतेजुळते सुटे भाग येथेच मिळू लागले आणि युद्धातून उरलेल्या गाड्यांनाही दीर्घायुष्य लाभले.

अशीच एक गाडी माझ्या वडिलांनी नागपुरातून घेतली होती. तिने आमची संत्री वाहिली, गावातल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचविल्या, वरातीत नवरदेव मिरविले. वडील तिच्यावर बैलासारखी माया करीत. पोळ्याच्या दिवशी बैलजोडीला ओवाळून झाले की उरलेले कुंकू जीपच्या नाकाला लागे.

आता माझा अपराध सांगतो. १९७९ साली मी विशीतला होतो आणि यंत्रातले मला सर्व कळते अशी माझी समजूत होती. जीपची मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून झिरपू लागली. नागपूरला जाऊन योग्य नळी आणण्यात एक दिवस मोडला असता, आणि घरी तर संत्र्यांचा तोडा चालू होता. माझ्यापाशी तांब्याच्या मऊ नळीचा तुकडा होता. तो हातानेच वाकविला, तोंडे जशी साधली तशी फुलविली आणि बसवून दिला. गाडी थांबत होती. मला धन्यता वाटली. तीन आठवड्यांनी मुलताईहून परतताना घाटात माझा पाय ब्रेकवर पडला तो थेट खालच्या पत्र्याला जाऊन टेकला. पायाखाली काहीच नव्हते. ती भावना ज्याने अनुभवली त्याला ती विसरता येत नाही. हातब्रेक ओढला, त्याच्या पट्ट्याला तेल लागलेले होते, तो नुसता करकरला. गिअर कसाबसा खाली टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मुरमाच्या बांधावर घातली. गाडी थांबली. परंतु मागे पेट्यांवर बसलेला माझा धाकटा भाऊ खाली फेकला गेला आणि त्याचा उजवा हात खांद्याजवळ मोडला. तो हात आजही डोक्याच्या वर जात नाही. भावाने मला कधी शब्दानेही बोल लावला नाही. वडिलांनी मात्र जीप गोठ्यात उभी केली आणि तिची किल्ली देवघरात नेऊन ठेवली.

पुढे कितीतरी वर्षे ती तेथेच होती. दोन वर्षांपूर्वी भावाचा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मोठे बाबा, जीप काढू या. मी रंग आणून ठेवला आहे." केंद्र शासनाने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे स्वतंत्र नियम केले आहेत. अशी गाडी प्रदर्शनास किंवा फेरीस नेता येते, रोजच्या रहदारीत वापरता येत नाही. मुलाने ते नियम वाचले होते, कागदपत्रे जुळविली होती आणि लष्करी हिरव्या रंगाचे दोन डबेही आणले होते. मी म्हणालो, "रंग सर्वांत शेवटी. आधी ब्रेकच्या नळ्या, आणि त्या मी सांगेन तशा." त्याला हा म्हाताऱ्याचा हेका वाटला असावा. परंतु त्याच्या वडिलांचा हात त्याने जन्मापासून पाहिला होता. तो गप्प बसला.

श्रोतेहो, ही नळी करते तरी काय? सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने दाखविले की बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. जीपच्या ब्रेकचे सारे रहस्य एवढेच आहे. चालकाच्या पायाखाली फळीच्या खाली एक पंचपात्रासारखे नळकांडे असते, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. पाय दाबला की त्यातला दट्ट्या तेल पुढे लोटतो. ते तेल नळ्यांतून चार चाकांकडे जाते आणि तेथल्या लहान नळकांड्यांतले दट्टे ब्रेकचे जोडे ड्रमवर घट्ट दाबतात. मोटारीसाठी ही युक्ती अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ साली पेटंट केली आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. त्या आरंभीच्या काळात नळीतले तेल म्हणजे चक्क एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण असे. आपल्या आज्या ज्या एरंडेलाने नातवंडांना रडवीत, त्यानेच एके काळी विलायती मोटारी थांबविल्या आहेत.

दाब किती असतो त्याचा थोडा हिशेब करू. समजा, पायाचा जोर वीस किलोंचा आहे आणि पेडलच्या दांड्यामुळे तो पाचपट होतो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचा व्यास एक इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे पाच चौरस सेंटीमीटर. तेव्हा तेलावर दर चौरस सेंटीमीटरला वीस किलोंचा दाब आला. टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा सुमारे दसपट झाला, आणि तोही साध्या ब्रेकचा. जीव खाऊन दाबलेल्या ब्रेकचा दाब याहून पुष्कळ अधिक. तो सारा भार पाव इंच जाडीच्या नळीने आणि तिच्या सांध्यांनी झेलायचा असतो.

आणि या गाडीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तिच्या ब्रेकचा मार्ग एकच. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी स्वतंत्र तेल ठेवण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली. जुन्या जीपमध्ये एका नळीला एक तडा गेला की चारही चाके एकदमच पोरकी होतात. हातब्रेक आहे, पण तो चाकांवर नसून मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर आहे. उभी गाडी उभी ठेवण्यास तो पुरेसा. धावती गाडी अडविणे हे त्याचे काम नव्हे. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, हे आपण ऐकलेच.

तर आम्ही कामाला लागलो. पहिला नियम हा की जुनी नळी काढून लगेच भंगारात टाकायची नाही. गंजलेली का असेना, ती कोठून कोठे जाते आणि कोठे वळते हे तिच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही. आम्ही एकेक तुकडा अलगद सोडविला, त्याला चिठ्ठी बांधली आणि अंगणात जमिनीवर सारा सांगाडा खडूने काढून त्यावर ते तुकडे मांडले. भावाने सुतळीने प्रत्येक वळण मोजून लांबी वहीत उतरविली. ड्रम उघडताना मी पोराला एक ताकीद दिली. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पंपाने उडवायची नाही. ती ओल्या फडक्याने टिपायची. ती फुप्फुसांत गेली तर वर्षानुवर्षांनी घात करते.

दुसरा प्रश्न नळी कोणती घ्यावी हा. निव्वळ तांबे दिसते सुंदर आणि वाकते लोण्यासारखे. म्हणून तर मी फसलो. परंतु सततच्या कंपनाने तांबे कडक होत जाते आणि एके दिवशी सांध्यापाशी तडकते. ब्रेकसाठी मुद्दाम केलेली पोलादी नळी असते. तिच्यात पत्र्याचे दोन पदर एकावर एक गुंडाळून सांधलेले असतात. नाहीतर तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळते; ती गंजत नाही आणि दाबालाही टिकते. आम्ही पोलादी घेतली, कारण मूळ गाडीत तीच होती. ज्या जागी पावसाचे पाणी साचते तेथे मूळ नळी सर्वांत अधिक खाल्ली गेली होती. चिखल धरून ठेवणाऱ्या त्या कोपऱ्यांची आम्ही निराळी नोंद केली.

आता कामाचा गाभा. नळी करवतीने कापू नये. तिच्या आत कीस पडतो. गोल फिरणाऱ्या लहान कातरीने ती चहूबाजूंनी सारखी कापावी आणि आतली धार घासून साफ करावी. मग नळीचे तोंड कर्ण्यासारखे फुलवावे लागते. कारागीर याला फ्लेअर मारणे म्हणतात. या गाडीला दुहेरी फ्लेअर लागते. धोतराच्या काठाला दुमड घालून शिवले की तो उसवत नाही. त्याच रीतीने नळीची कड आधी आत दुमडायची आणि मग ती दुहेरी कड पंचेचाळीस अंशांत फुलवायची. एकेरी फुलविलेली पोलादी कड नट आवळताना चिरते. चीर इतकी बारीक असते की डोळ्याला दिसत नाही, तेलाला मात्र बरोबर सापडते. म्हणून प्रत्येक तोंड आम्ही भिंगाखाली पाहिले. पहिल्या दिवशी पुतण्याने अकरा तोंडे केली. त्यांतली सात मी कापून टाकली. एक वाकडे होते, दोन चिरलेले, आणि उरलेल्या चारांत तर तो फ्लेअर मारण्याआधी नळीत नट ओवायलाच विसरला होता. तोंड फुलल्यावर नट आत जात नाही. जगातल्या प्रत्येक मिस्त्रीने ही चूक एकदा केलेली आहे आणि प्रत्येकाने ती दुसऱ्यापासून लपविली आहे. पोरगा चिडला. त्याचे वडील जवळ बसले होते, ते एवढेच म्हणाले, "कापू दे त्यांना. नळी स्वस्त आहे."

यानंतर नळी वाकविणे. ती एकाएकी मोडल्यासारखी वाकली तर आतली वाट चिमटते, म्हणून योग्य मापाच्या खाचेच्या चाकावर ती हळूहळू वळवावी. सायलेन्सरपासून ती दूर ठेवावी, नाहीतर आतले तेल तापते. पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबराची कडी घालावी. लोखंडी सांगाड्याला ती ठिकठिकाणी क्लिपांनी घट्ट धरून ठेवावी. सैल लोंबणारी नळी हादऱ्यांनी झिजते आणि झिजलेली जागा नेमकी क्लिपेच्या आड दडते. सांगाडा स्थिर, पण चाकांचा एक्सल वरखाली होतो आणि पुढची चाके वळतात. तेथे पोलाद चालत नाही, रबरी होज लागतो. होज नेहमी नवाच घ्यावा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. बसविल्यावर चाके पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावे की तो कोठे ताणत, पिळत किंवा घासत तर नाही.

मास्टर सिलिंडर आणि चाकांची सिलिंडरे यांतले रबरी वॉशर आम्ही नवे घातले. पुढच्या चाकाच्या सिलिंडराचा व्यास एक इंच आणि मागच्याचा पाऊण इंच आहे. दाब सारखा असला तरी क्षेत्रफळ कमी, म्हणून मागच्या चाकाला पुढच्याच्या जेमतेम छप्पन्न टक्के जोर मिळतो. हे मुद्दाम केलेले आहे. गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो, आणि मागचे चाक अधिक जोराने धरले तर ते घसरते. दोहोंची अदलाबदल झाली तर गाडी थांबण्याऐवजी फिरेल. सुटे भाग विकत घेताना नुसते 'जीपचे द्या' म्हणून भागत नाही, हे यावरून कळेल.

मग तेल. आज मिळणारे सामान्य ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते. ताजे असताना तिसऱ्या प्रतीचे तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात शेकडा पावणेचार या मानाने पाणी शिरले की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. याचे महत्त्व घाटात कळते. अकराशे किलोंची गाडी अडीचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते, तिने साधारण आठ लिटर गार पाण्याला उकळी येईल. तिचा काही भाग इंजिन आणि वारा घेतात. उरलेला सारा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठतो. तेलातले पाणी उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. म्हणून तेलाचा डबा उघडा ठेवू नये आणि उरलेले तेल वर्षभराने वापरू नये. दर दोन वर्षांनी ते बदलावे. इंजिनाचे किंवा कोणतेही खनिज तेल तर चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगून निकामी होते. आणखी एक गंमत. हेच ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते. माझ्या पुतण्याने आधी रंग दिला असता तर तो त्याला दोनदा द्यावा लागला असता!

अखेर हवा काढण्याचे काम आले. नळीत हवा राहिली तर काय होते? चहाच्या चमच्याएवढी, म्हणजे पाच घन सेंटीमीटर हवा आत राहिली असे धरा. मघाच्या वीस किलोंच्या दाबाखाली ती एकविसाव्या हिश्श्याइतकी होते. तेवढी जागा भरून काढण्यास दट्ट्याला जवळजवळ एक सेंटीमीटर अधिक सरकावे लागते आणि पेडलला पावणेपाच सेंटीमीटर. म्हणजे चमचाभर हवेने पेडलच्या चालीतला मोठा हिस्सा फुकट खाल्ला. म्हणून हवा थेंबाथेंबाने काढायची. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. आमच्या डाव्या बाजूच्या गाडीत आधी मागचे उजवे, मग मागचे डावे, मग पुढचे उजवे आणि शेवटी पुढचे डावे. चाकामागच्या लहान बोंडीला रबरी नळी लावून तिचे दुसरे टोक काचेच्या बाटलीत, तेलाखाली बुडवून ठेवतात. एकाने वर बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने खाली निजून बोंडी उघडायची, बुडबुडे पाहायचे आणि पाय सुटण्याआधी ती बंद करायची. क्रम चुकला तर गेलेली हवा पुन्हा आत येते. वरच्या तेलाची पातळीही सारखी पाहावी लागते.

या कामाला दोन माणसे लागतात आणि त्यांचा एकमेकांवर विश्वास लागतो. मी गाडीखाली निजलो. पेडलवर बसायला पुतण्या निघाला, तो भाऊच उठला. म्हणाला, "पायाला काय धाड भरली आहे? हात मोडला होता." तासभर आमचे दुसरे बोलणे नव्हते. मी म्हणे, "दाब." तो म्हणे, "दाबला." मी म्हणे, "धर." तो म्हणे, "धरला." मी बोंडी बंद करून म्हणे, "सोड." बाटलीत आधी मळकट तेल आले, मग फेस, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, आणि सरतेशेवटी निर्मळ, अखंड धार. चौथे चाक झाल्यावर भाऊ वरून म्हणाला, "भाऊ, आता पायाखाली दगड आहे."

तरीही गाडी रस्त्यावर आणायची नव्हती. पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवले आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहिला. एका सांध्याचा कागद ओला झाला. तो उघडला, तोंड कापले, नवे केले आणि हवा काढण्याचे काम पुन्हा आरंभापासून केले. पेडलला थोडी मोकळी चाल ठेवली, नाहीतर तेल परत फिरत नाही आणि ब्रेक धरूनच राहतात. प्रॉपेलर शाफ्टजवळ तेल गळत होते ते बंद करून हातब्रेकचा पट्टाही नवा घातला. मग अंगणात माणसाच्या चालीने, मग सपाट रस्त्यावर, आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सारे सांधे तपासले.

पुतण्याने मला विचारले होते, "मोठे बाबा, आपण हिला नव्या गाडीसारखे दुहेरी ब्रेक का लावीत नाही?" प्रश्न रास्त आहे. जुनी वस्तू जशीच्या तशी जपावी की तिच्यात बदल करून ती अधिक निर्धोक करावी, यावर जगभरच्या हौशी मंडळींत दोन पक्ष आहेत. रोज रहदारीत जाणारी गाडी असती तर मी निःशंक बदल केला असता. आमची गाडी वर्षातून दोन-चार वेळा, मोकळ्या रस्त्यावर, संथ गतीने जाणार. म्हणून आम्ही मूळ रचना राखली आणि तिची मर्यादा ओळखून चालवायचे ठरविले. परंतु मूळ रचना राखणे याचा अर्थ मूळ गंज राखणे असा कोणी करू नये. प्रदर्शनात चकाकणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पोटाखाली पन्नास वर्षांची नळी असते. रंग पाहणाऱ्याला दिसतो, शिंगे वाजविणारे कौतुक करतात. खाली वाकून नळी पाहणारा हजारांत एखादाच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ती गाडी मुलताईस नेली. परतताना घाटाच्या माथ्यावर मी तिला दुसऱ्या गिअरमध्ये घातली. आमच्याकडचे जुने चालक सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. म्हणजे इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकला विसावा मिळतो. भाऊ शेजारी बसला होता, पुतण्या मागे. १९७९ सालच्या त्या वळणावर मुरमाचा बांध आता नाही. रस्ता रुंद झाला आहे. मी पाय दाबला. गाडी कोणताही आवाज न करता, सरळ रेषेत थांबली. आम्ही तिघेही काही वेळ तसेच बसून राहिलो. मग भाऊ खाली उतरला, सवयीने चाकामागे एक धोंडा लावला आणि डबा उघडून मला एक संत्रे सोलून दिले. त्याला ते सोलायला वेळ लागतो. मी वाट पाहिली.

श्रोतेहो, मी त्या दिवशी एक दिवस वाचविला होता. त्याची किंमत दुसऱ्याने भरली. यंत्राच्या कामात असे पुष्कळदा होते: घाई एकाची आणि हात दुसऱ्याचा. आपल्यापैकी कोणाच्या गोठ्यात, वाड्यात किंवा शेताच्या कडेला अशी एखादी जुनी गाडी उभी असेल आणि ती पुन्हा चालती करण्याची हौस घरातल्या तरुणांना आली असेल, तर त्यांना जरूर उत्तेजन द्यावे. जुन्या यंत्रावर हात चालविताना जे शिकायला मिळते ते नव्या गाडीच्या झाकणाखाली सहसा हाती लागत नाही. मात्र त्यांना एक विचारावे: आधी इंजिन सुरू करून पाहणार, की आधी ब्रेक? जो आधी ब्रेक म्हणेल त्याच्या हाती किल्ली द्यावी.

आमच्या वडिलांची किल्ली आता देवघरातून निघाली आहे. गाडीला रंगही लागला आहे, आणि तो छान दिसतो, हे मला कबूल केले पाहिजे.